तिळाएवढा 'जर'

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण शिक्षकांच्या खोलीत अजूनही ऐकू येते. कोणी 'मी त्या वर्षी बदली घेतली असती तर' असे सुरू केले की दुसरे कोणीतरी ही म्हण टाकते आणि विषय संपतो. म्हणीचा अर्थ सरळ आहे. जे झालेच नाही त्यावर बोलण्यात वेळ घालवू नये. आम्हांला हे पुरते पटत नाही. न घडलेल्या गोष्टींत मन कसे रमते, कोणत्या 'जर'वर ते अडकते आणि कोणता 'जर' त्याला सुचतच नाही, याचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रात गेली चार दशके चालू आहे. त्यातून हाती आलेले बरेचसे वर्गात, घरात आणि वावरात उपयोगी पडणारे आहे. येथे आम्ही एक मराठी कथा आणि एक मराठी चित्रपट या अभ्यासाच्या उजेडात तपासणार आहोत. त्या ओघात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या पेरणीबद्दल आणि फवारणीबद्दलही बोलावे लागेल.

कथा आहे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून 'द ॲडव्हेंचर' या नावाने ती देशभरातील मुलांपर्यंत पोचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतच्या लढाईचा निकाल उलटा लागला असता तर, या विचारात असताना अपघातात सापडतात आणि वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तेथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या काही ठिकाणांपुरतीच उरली आहे. हे कशामुळे घडले याचा शोध ते ग्रंथालयात बसून घेतात. उत्तर बखरीच्या एका पानावर मिळते. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या इतिहासात त्यांच्या कानाजवळून, तिळाएवढ्या अंतराने, निघून गेलेली असते.

नारळीकरांनी हा तीळ अचूक निवडला आहे, आणि तो मानसशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एक साधी गोष्ट सांगितली होती. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळाकडे निघतात, वाहतुकीत अडकतात आणि विमानाच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने पोचतात. एकाला कळते की त्याचे विमान वेळेवर सुटले. दुसऱ्याला कळते की त्याच्या विमानाला उशीर झाला होता आणि ते पाचच मिनिटांपूर्वी गेले. अधिक हळहळ कोणाला वाटेल? ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचे नाव घेतले. नुकसान दोघांचे सारखेच आहे. दोघांची चूकही सारखीच आहे, म्हणजे काहीच नाही. तरी पाच मिनिटे मनाला सहज पुसता येतात, अर्धा तास येत नाही. एका गुणाने नापास झालेला मुलगा वीस गुणांनी नापास झालेल्यापेक्षा जास्त रडतो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही.

म्हणूनच पानिपतचा विचार करताना मराठी मन गोळीपाशी थांबते. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरले, अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली, अशी ती साखळी सांगितली जाते. पण १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे अडीच महिने काय झाले? फौज पानिपतला अडकून पडली होती. दिल्लीची वाट तुटली होती. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते. सुरजमल जाट आधीच बाजूला झाला होता. लढणाऱ्यांच्या बरोबर न लढणारे मोठ्या संख्येने होते आणि त्यांनाही खायला लागत होते. उपाशी फौज शेवटी बाहेर पडली ती लढण्यावाचून गत्यंतर उरले नाही म्हणून. विश्वासरावांची गोळी चुकली असती तरी पोटातील भूक चुकली नसती. 'रसदीची वाट तुटली नसती तर' हा 'जर' गोळीच्या 'जर'इतकाच खरा आहे, किंबहुना जास्त वजनाचा आहे. पण तो अडीच महिने लांब, अनेक माणसांत विभागलेला आणि कंटाळवाणा आहे. मन त्याच्याकडे वळत नाही. कथाही वळत नाही.

हा कथेचा दोष म्हणावा का? कथा म्हणून नाही. कथेला एक तीळ पुरतो. पण वर्गात ती शिकवताना हा फरक दाखवला नाही, तर मुले 'एका गोळीने इतिहास बदलला' हे वाक्य घेऊन घरी जातील.

दुसरी हरकत विज्ञानाची आहे. शेवटी राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना जे स्पष्टीकरण देतो त्यात दोन गोष्टी एकत्र येतात. एक, आपत्तीचा सिद्धांत, म्हणजे परिस्थितीतील लहान बदलाने परिणामात एकदम मोठी उडी पडू शकते हे गणित. दुसरी, पुंजभौतिकीतील अनिश्चितता, म्हणजे इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल हे आधी सांगता येत नाही ही गोष्ट. पहिली लढाईला लावता येते. दुसरी इलेक्ट्रॉनावरून थेट बंदुकीच्या गोळीवर आणि तेथून माणसाच्या जाणिवेवर नेणे ही विज्ञानकथेने घेतलेली मुभा आहे. नारळीकरांना (१९३८–२०२५) ही मुभा कोठे सुरू होते ते कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. वाचणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसते. शिक्षकाने तेथे बोट ठेवावे.

एका बाबतीत मात्र ही कथा आपल्याकडच्या पानिपतावरच्या बऱ्याच लेखनाहून वरचढ आहे. ती हळहळत नाही. गंगाधरपंत दुसऱ्या इतिहासात गेल्यावर गळा काढत नाहीत, ग्रंथालयात जाऊन बसतात. आणि त्या जगातही त्यांची फजिती होतेच. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते तिच्यावर जाऊन बसतात. त्या हिंदुस्थानात अध्यक्षीय भाषणांचा कंटाळा येऊन ती प्रथाच बंद झालेली असते. लोक त्यांना जे काही फेकून मारतात ते वाचताना आम्हांला तरी फार बरे वाटले.

हळहळ हा शब्द आला तसे थोडे शब्दांविषयी. इंग्रजीत लिहिणारे संशोधक बहुधा एकाच शब्दावर भागवतात. मराठीत पश्चात्ताप आहे, त्यात आपण वाईट केले ही कबुली असते. हळहळ आहे, ती दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलही वाटते. चुटपुट एखादी बारीक गोष्ट राहून गेल्याची असते. रुखरुख टोचत राहते. खंत खोल जाऊन बसते. हे केवळ शब्दांचे वैभव नाही. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक यांनी १९९४–९५ मध्ये असे दाखवले की नुकतेच झालेले आठवताना माणसांना केलेल्या गोष्टी जास्त बोचतात, पण सगळ्या आयुष्याकडे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त आठवतात. पुढे त्यांना या दोन भावनांचा पोतही वेगळा आढळला. केल्याचा चटका बसतो, न केल्याचे काहीतरी हुरहुर लावणारे मागे राहते. मराठी बोलणाऱ्या माणसाला हे प्रयोगाआधीही सांगता आले असते. मात्र एक सावधगिरी हवी. या विषयावरचे पुष्कळसे प्रयोग अमेरिकेतील आणि युरोपातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष राळेगावच्या किंवा घाटंजीच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

लावून पाहायला हरकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कपाशी बहुतांश पावसाच्या भरवशावर आहे. मृग लागला, चार सरी आल्या, की प्रश्न उभा राहतो: सरकी टोबायची की थांबायचे? कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला बरोबर आहे. पण आधी पेरलेल्याला पाऊस लागून आला तर त्याची पऱ्हाटी पुढे जाते, आणि नाही आला तर बियाणे मातीत जाऊन दुबार पेरणी कपाळी येते. थांबलेल्याचेही असेच दोन निकाल. चार चौकटींचा हा तक्ता फळ्यावर काढता येईल, आणि शक्यतेचे गणित शिकवायला नाण्याफाशांपेक्षा तो बरा.

काहनेमन-ट्वर्स्कींच्या दुसऱ्या एका प्रश्नात दोन गुंतवणूकदार आहेत. एकाने शेअर बदलले आणि तोटा झाला. दुसरा बदलण्याच्या विचारात होता, त्याने बदलले नाहीत आणि त्यालाही तेवढाच तोटा झाला. ९२ टक्के लोक म्हणाले की बदलणाऱ्याला जास्त पश्चात्ताप होईल. मग पेरणीत पेरणाऱ्याचा पश्चात्ताप नेहमी मोठा असायला हवा. तसे दिसत नाही, आणि त्याचे कारणही नंतरच्या संशोधनात सापडते. नेदरलँड्समधील मार्सेल झीलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली फुटबॉलच्या प्रशिक्षकांचे उदाहरण घेतले. आधीचा सामना हरलेल्या प्रशिक्षकाने संघात बदल केला नाही आणि तो पुन्हा हरला, तर लोकांच्या मते त्याचाच पश्चात्ताप मोठा. म्हणजे कृती की निष्क्रियता हा मूळ प्रश्न नाही. त्या परिस्थितीत रीतीचे काय होते आणि आपण रीत मोडली का, हा आहे. सगळा शिवार पेरता झाला असताना जो थांबतो तो रीत मोडतो. त्याचे थांबणे हीच कृती होऊन बसते.

शिवाय शेतात एक गोष्ट आहे जी शेअर बाजारात नसते. शेजाऱ्याचे वावर धुऱ्यापलीकडेच असते. आपण जे केले नाही त्याचा निकाल ऑक्टोबरपर्यंत रोज डोळ्यांसमोर वाढत राहतो. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर निघणारी एक सोडत आहे. तिकीट घेतले नाही आणि आपल्या गल्लीचा क्रमांक लागला, तर शेजाऱ्यांना बक्षीस मिळालेले पाहावे लागते. झीलेनबर्ग आणि रिक पीटर्स यांना असे आढळले की या सोडतीत पुढे होऊ शकणाऱ्या पश्चात्तापाची धास्ती तिकीट घ्यायच्या निर्णयात शिरते, साध्या सोडतीत तशी शिरत नाही. घाईने पेरणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा धुऱ्याचा मुद्दा ध्यानात घ्यावा.

आता चित्रपट. सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' २००९ साली आला. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांच्या त्यात भूमिका आहेत. विदर्भातील कपाशीच्या खेड्यात शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. किसनाची बायको अलका धास्तावते. आपलाही नवरा गप्प गप्प आहे, त्याच्या मनात तेच नसेल ना? ती लहान मुलाला बापाच्या मागे लावते आणि सासूलाही नजर ठेवायला सांगते. किसनाला कळत नाही की घरचे आपल्याकडे असे का पाहतात. यातून जो विनोद निर्माण होतो तो हसवतो आणि लगेच लाजवतो.

शेतकरी आत्महत्येवरच्या कलाकृती बहुधा मृत्यूनंतर सुरू होतात, आणि मागे उरलेल्यांच्या 'जर'ने भरलेल्या असतात. हा चित्रपट 'जर' आधी आणतो. अलका जे करते ते येऊ घातलेल्या पश्चात्तापाला अडवणे आहे. उद्या 'माझे लक्ष असते तर' असे म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून ती आज लक्ष ठेवते. कोणीही भाषण करत नाही, आकडे सांगत नाही. आमच्या मते या विषयावरच्या मराठी चित्रपटांत मनाचे इतके बारकाईचे निरीक्षण विरळा आहे. शेवट आम्ही सांगत नाही. पाहिला नसेल तर पाहा.

तक्रार आहे ती शीर्षकाबद्दल, आणि ते शीर्षक आपल्याला जेथे नेते त्याबद्दल. वऱ्हाडी बोलीतील शिवी पावसाला दिली आहे. शिवी खरी आहे, वावरात उभे राहून अशीच दिली जाते. पण चित्रपट पाहून उठणाऱ्याच्या मनात 'पाऊस वेळेवर आला असता तर' हाच 'जर' राहतो, आणि तो कोणाच्याच हातातला नाही. पाण्याची सोय, पतपुरवठा, बियाण्याचा खर्च, कापसाचा भाव हे 'जर' माणसांच्या हातातले आहेत. ते पार्श्वभूमीत राहतात. पानिपतच्या गोळीमागे जशी रसद राहिली, तसेच हे आहे.

हा मुद्दा केवळ कलाकृतींपुरता असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. त्या दिवसांत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य होते: 'त्यांनी मास्क आणि हातमोजे घातले असते तर.'

वाक्य खोटे नाही. पण ते पहिले का सुचते हे पाहण्यासारखे आहे. आयर्लंडमधील रूथ बर्न आणि इतर संशोधकांनी मनाच्या या निवडीचे काही नियम नोंदले आहेत. मन नेहमीचे सोडून अपवादात्मक ते बदलते. परिस्थितीऐवजी माणसाची कृती बदलते. आणि घटनांच्या मालिकेत बहुधा शेवटची घटना बदलते. काहनेमन-ट्वर्स्कींच्या एका गोष्टीत नेहमीचा रस्ता सोडून घरी निघालेला माणूस ट्रकच्या धडकेत मरतो. बहुतेकांना 'तो नेहमीच्या रस्त्याने गेला असता तर' हेच सुचले. त्या चौकात तो दोन सेकंद आधी किंवा नंतर पोचला असता तरी वाचला असता, हे जवळपास कोणालाच सुचले नाही. फवारणीच्या साखळीत पंप पाठीवर घेतलेला मजूर अगदी शेवटचा. त्याच्या आधी किती दुवे आहेत ते मोजा. बोंडअळीला दाद न देणारे म्हणून घेतलेले वाण आणि त्यावरही पडलेली अळी. पुरुषभर वाढलेली दाट पऱ्हाटी, जिच्यात फवारा अंगावरच येतो. दुकानात सुचवलेली औषधांची मिश्रणे. डब्यावरची बारीक अक्षरे. भर उन्हात दिवसभर घालता येईल असे संरक्षक कपडे नसणे. यातला कोणताही दुवा तोडला असता तरी काही जीव वाचले असते. पण यांना चेहरा नाही. चेहरा आहे तो मजुराला.

शासनाची मदतसुद्धा अशाच एका 'जर'वर उभी आहे. २००६ पासून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात ते प्रकरण पात्र ठरले तर. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा ही कारणे समितीला तपासावी लागतात. म्हणजे प्रत्यक्षात समितीने ठरवायचे असते की कर्ज नसते तर हा माणूस गेला असता का. जिवंत माणसाच्या मनातील 'जर'ही इतका सरळ सापडत नाही, तो गेलेल्याच्या सातबाऱ्यात आणि बँकेच्या नोटिशीत शोधायचा. अपात्र ठरलेल्या घरात मग दुसरे कारण शोधले जाते, आणि ते बहुधा घरातच सापडते.

हे घरातले कारण शोधणे सर्वांत जड. अमेरिकेत क्रिस्टोफर डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या माणसांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला. काही वर्षे उलटल्यावरही त्यांतल्या पुष्कळांच्या मनात 'जर' चालूच होता. विशेष म्हणजे ते दुसऱ्या गाडीच्या चालकाला बदलत नव्हते, स्वतःला बदलत होते. मी फोन केला असता, मी थांबवले असते. स्वतःचा दोष नाही हे माहीत असूनही. पश्चात्ताप येतो कोठून याचे थोडेफार शरीरशास्त्रही आता कळले आहे. डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा पुढचा भाग जायबंदी झालेल्यांना जुगारात हरल्याचे वाईट वाटते, पण दुसरे चक्र निवडले असते तर जिंकलो असतो हे दाखवले तरी त्याची टोचणी लागत नाही, असे २००४ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. आणि तीच माणसे पुढच्या डावात चुकीतून शिकतही नाहीत. म्हणजे टोचणी निरुपयोगी नाही. पेरणी पुढच्या जूनमध्ये पुन्हा येते, तेथे ती शिकवते. गेलेले माणूस पुन्हा येत नाही, तेथे ती फक्त टोचते.

सहा-सात वर्षांच्या मुलांत ही टोचणी दिसू लागते, म्हणजे पहिली-दुसरीतच. आमच्या जिल्ह्यात असे वर्ग आहेत जेथे एखाद्या बाकावरच्या मुलाचे वडील असे गेले आहेत. 'मी त्या दिवशी शाळेत आलो नसतो तर' हे त्याने शिक्षकाला सांगितले, तर 'असे बोलू नये' म्हणून ते दडपू नये. त्या एका दिवसाच्या मागे किती लांब साखळी होती, आणि तिच्यातला एकही दुवा त्याच्या हातात नव्हता, हे त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगता येते. एका बैठकीत ते होत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा एक लहान प्रयोग देतो. पाच-सहा घटनांची एक साधी गोष्ट तयार करा: एस.टी. चुकल्यामुळे परीक्षेला न पोचलेली मुलगी. तिच्यात घड्याळ, रस्ता, गाडीची वेळ, वेळापत्रकाची चुकीची पाटी, वाटेत भेटलेली मैत्रीण असे दुवे घाला. अर्ध्या मुलांना ती एका क्रमाने सांगा, अर्ध्यांना मैत्रीण आधी आणि पाटी शेवटी अशा क्रमाने. प्रत्येकाला 'जर...' ने सुरू होणारी तीन वाक्ये लिहायला लावा आणि कोणता दुवा कितीदा आला ते फळ्यावर मोजा. फवारणीची किंवा आत्महत्येची गोष्ट यासाठी घेऊ नका, वर्गात कोण बसले आहे ते आपल्याला नेहमीच माहीत असते असे नाही. मोजणीचे आकडे आणि मुलांची वाक्ये आमच्याकडे पाठवलीत, तर पुढे त्यांवर लिहिता येईल.